ठासणीचं गंजलेलं पिस्तूल साफ करताय? या चुका टाळा

जुन्या वाड्याच्या माळ्यावर, नाही तर खंडेनवमीला पूजेत मांडलेल्या तलवारींच्या शेजारी कधी तरी असं पिस्तूल दिसतं. कंपनी सरकारच्या काळातलं, चकमकीच्या दगडाच्या ठिणगीने उडणारं, आणि इतकं गंजलेलं की चापाच्या (म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) पट्टीवरचं काहीच वाचता येत नाही. घरच्या घरी, हाताने ते बरंच सावरता येतं. मात्र गंजापेक्षा साफ करणाऱ्यानेच जास्त नुकसान केल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे, म्हणून हा लेख.

ते रिकामंच आहे असं धरून चालणं

बंदुकीची काळी दारू कोरडी राहिली तर शे-दीडशे वर्षांनीही पेटते. म्हणून तेल, ब्रश, उष्णता सगळं नंतर. आधी एक बारीक लाकडी काठी नळीत हलकेच आत सरकवा. ती टेकली की नळीच्या तोंडाशी खूण करा आणि काठी बाहेर काढून नळीच्या कडेने धरून पाहा. टोक कानापर्यंत, म्हणजे रंजक (बार पेटवणारी चिमूटभर दारू) पेटायच्या बारीक छिद्रापर्यंत पोचायला हवं. दोन-अडीच सेंटीमीटर किंवा जास्त अलीकडे थांबलं तर आत काही तरी आहे. कुंभारमाशीचं मातीचं घर असेल, चिंधी असेल किंवा गोळी आणि दारू असेल. ते ठोकून, ड्रिलने किंवा तापवून काढायला जाऊ नका. पिस्तूल परवानाधारक बंदूक कारागिराकडे न्या.

याच टप्प्यावर कायद्याचंही पाहून घ्या. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मधली सूट कालबाह्य किंवा पुरातन शस्त्राला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनसुद्धा चालण्याजोगं नसेल तरच. ‘पुन्हा बार काढून दाखवतो’ असा हट्ट धरला तर सूटही जाते आणि नळी फुटून हातही जाऊ शकतो. पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्या. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू १९७२ च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही, हे अमेरिकेतल्या भावाला भेट द्यायची असेल तर लक्षात असू द्या.

खड्डे घालवायचा ध्यास

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गंजाने जिथे खड्डा पाडला तिथलं लोखंड गेलेलं आहे, ते परत येत नाही. खड्डा अर्धा मिलीमीटर खोल असेल तर तो दिसेनासा व्हायला आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग कानशीने अर्धा मिलीमीटर खाली आणावा लागतो. त्यात अष्टकोनी नळीच्या धारदार कडा गोल होतात आणि उथळ ठसे पुसले जातात. त्या ठशांवरूनच तर वस्तूची ओळख पटते. कंपनीच्या चापावर १८०८ पर्यंत हृदयाच्या आकाराची खूण असे, त्यानंतर मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह आला. नळीच्या मागच्या टोकाजवळ मुकुटाखाली लंडनच्या तपासणीची (नळी बार सोसते का, याची) अक्षरं सापडू शकतात. बर्मिंगहॅमचं तपासणी घर १८१३ च्या कायद्याने सुरू झालं, तेव्हा तिथला ठसा मिळाला तर काळ आणखी जवळ येतो. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की ही माहिती कायमची गेली. खड्डे राहू द्यात. त्यांच्या आत लाल गंज जिवंत राहू नये, एवढंच आपलं काम.

इथेच आणखी एक घोटाळा होतो. इंग्रजी बनावटीच्या अनेक नळ्यांना मुद्दाम तपकिरी रंग चढवलेला असे. गुळगुळीत, घट्ट, एकसारखा तपकिरी थर दिसला तर तो गंज समजून घासू नका. सुटा, भुरभुरीत, बोटाला नारिंगी लागणारा तेवढा काढायचा.

आम्लात बुडवणं

व्हिनेगर, लिंबू, चिंच, आणि सगळ्यात वाईट म्हणजे संडास साफ करायचं आम्ल. गंज जातो, पण चांगलं लोखंडही खाल्लं जातं आणि वस्तू मेल्यासारखी करडी पडते. संडासच्या आम्लातले क्लोराइड खड्ड्यांच्या तळाशी बसतात. वरून कितीही तेल लावा, पहिल्या पावसात तिथेच नारिंगी ठिपके उठतात.

त्यापेक्षा मशीनचं तेल लावून काही दिवस भिजू द्या. मग पितळेच्या पट्टीची कड तिरपी धरून गंजाचे पोपडे उचला आणि राहिलेल्यावर सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलासकट हळू फिरवा. भिंगाखाली पाहत गेलात तर गंज संपून घट्ट काळा थर कुठे लागतो ते कळतं. तिथे थांबायचं. ड्रिलला लावायचा वायर ब्रश मात्र पिस्तुलाच्या जवळही आणू नका.

स्क्रूंशी दांडगाई

हे स्क्रू हाताने घडवलेले असतात, एकाचा दुसऱ्याच्या भोकात नीट बसत नाही. प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर त्याच्या जागेचं नाव लिहून तिथेच खोचा. त्यांची खाच अरुंद असते. बाजारचा स्क्रू ड्रायव्हर घातला तर कडा फाटतात, म्हणून त्याचं टोक आधी कानशीने खाचेला बसेल असं घासून घ्या. चाप काढताना पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूचे दोन्ही स्क्रू काही आटे सैल करा आणि त्यांच्या डोक्यांवर लाकडी मुठीने हलकेच ठोका. चाप सरळ बाहेर येतो. कडेखाली काही घालून उचकटलात तर दस्त्याचा कपचा उडणार. आतली मुख्य स्प्रिंग पकडीने दाबू नका. जुनं पोलाद तडकतं आणि तशी स्प्रिंग पुन्हा मिळत नाही.

तेल घालायचं ते लोखंड दस्त्यापासून वेगळं केल्यावरच. चापाखालचं लाकूड तेल पिऊन काळं आणि भुसभुशीत होतं.

ठिपके परत येत असतील तर

नळी रिकामी असल्याची खात्री असेल आणि ती दस्त्यातून सुटली असेल, तर तेल पुसून डिस्टिल्ड पाण्यात अर्धा-पाऊण तास उकळा. बॅटरीत घालायचं साधं पाणी चालतं, आम्ल नव्हे. नळाच्या पाण्यात स्वतःचेच क्षार असतात. उकळल्याने लाल गंज काळ्या, स्थिर रूपात बदलतो आणि खड्ड्यांतले क्षार सुटून पाण्यात उतरतात. बाहेर काढून लगेच कोरडी करा, उठलेली काळी पूड स्टील वूलने झाडा आणि गरज असेल तर नवं पाणी घेऊन पुन्हा उकळा. सगळं कोमट असतानाच मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. खोबरेल लावू नका, ते खवट होऊन चिकटतं.

यापुढे पिस्तूल हातमोज्यांशिवाय धरू नका, घामात मीठ असतं. चामड्याच्या किंवा मखमली बंद पेटीत ठेवू नका. कोकणात तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून पाहाच. खंडेनवमीला हळदकुंकू आणि पाण्याचा शिडकावा लोखंडावर न करता पाटावर अंथरलेल्या कापडावर करा. लोखंडावर उडालंच तर त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसा आणि मेणाचा हात पुन्हा फिरवा.