पाणी गळतीची तक्रार डिसेंबरात बंद करू नका

मी रबाळे एमआयडीसीत गाड्यांच्या दरवाजांची रबर सीलं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघते. नव्या मुलामुलींना आधी हेच शिकवते: ग्राहक जे बोलला ते जसंच्या तसं लिहून घ्या. ‘पावसात घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून गेलं की मागच्या डाव्या दारातून पाणी येतं’ या वाक्याचं जॉबकार्डवर ‘वॉटर लीकेज’ होतं. मग वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीवर पाणी मारतात. गळत नाही. शेरा पडतो, ‘दोष आढळला नाही’. ज्याच्या मॅटखाली पाणी साचलंय त्या माणसाला आपण खोटं ठरवलं. विश्वास जातो तो इथे. खड्ड्यात बॉडी पिळली जाते आणि सील व फ्रेममध्ये क्षणभर फट पडते, ती उभ्या गाडीत दिसणारच नाही. गाडी चालवून तपासा, जमल्यास ग्राहकाला शेजारी बसवून.

काढलेला पार्ट भंगारात जाऊ देऊ नका. त्याला चासी नंबर, किलोमीटर आणि तारखेचा टॅग लावून मागवून घ्या. बॅच कोडवरून शिफ्ट आणि रबराचा लॉट कळतो. त्याच दिवशी तो लॉट तीन ठिकाणी अडवा: आपलं गोदाम, वाटेतला ट्रक, गाडी कंपनीची लाइन. कारण शोधणं त्यानंतर. ८डी या तक्रार सोडवण्याच्या आठ पायऱ्यांच्या पद्धतीतही डी३ (माल अडवणं) हा डी४च्या (मूळ कारण शोधणं) आधी येतो तो यासाठीच.

‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ हे कारण आणि ‘प्रशिक्षण दिलं’ हा उपाय मी स्वीकारत नाही. समजा, सीलच्या कोपऱ्याचा जोड सुटलाय. का? मोल्ड, म्हणजे साचा, पुरेसा तापला नव्हता. मग पॅनेलवर तापमान बरोबर कसं दिसलं? सेन्सर प्लेटनचं, म्हणजे प्रेसच्या तापलेल्या प्लेटचं तापमान दाखवत होता, मोल्डचं नाही. मोल्ड बदलल्यावर ते कुणी का तपासलं नाही? कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे काय कधी तपासायचं त्या तक्त्यात, ती तपासणीच नव्हती. आता उपाय सुचतो: सेन्सर मोल्डमध्ये बसवा, आणि ठरलेल्या तापमानाखाली प्रेस मिटणारच नाही असा इंटरलॉक द्या. मग एफएमईए (काय बिघडू शकतं आणि त्याचा परिणाम काय, याची नोंद) आणि कंट्रोल प्लॅन दोन्ही बदला. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाची कलमं १०.२.३ आणि १०.२.४ हेच मागतात, पण ऑडिटपुरती फाइल सजवून काहीही सुधारत नाही.

दोष सुरक्षेचा असेल तर रिकॉल. १ एप्रिल २०२१पासून आपल्याकडे त्याचे नियम लागू आहेत, सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी. सरकारी आदेशाची वाट बघू नका. जी कंपनी स्वतःहून कळवते तिचीच गाडी मी माझ्या घरच्यांना घ्यायला सांगेन.

तक्रार करणाऱ्याला फोन करा: काय सापडलं, काय बदललं, साध्या मराठीत सांगा. आणि पाण्याची तक्रार डिसेंबरात बंद करू नका. जुलैत, मुसळधार पावसात, त्याच रस्त्यावरून ती गाडी फिरवून आणा. दार कोरडं राहिलं तरच ८डीवर सही करा.