जर्मनीत मास्टर्स करायचे असेल, तर आधी मॉडूलहांडबूख वाचा

जर्मनीला शिकायला जाऊ इच्छिणारे इंजिनिअर बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो विद्यापीठाच्या क्रमवारीचा. जर्मन सार्वजनिक विद्यापीठांच्या बाबतीत हा प्रश्न पहिला नव्हे. ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा आहे, त्याला आवश्यक असलेले विषय आपल्या बी.ई.त किती शिकवले गेले, हे आधी पाहावे लागते, कारण नामांकित महाविद्यालयातून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेल्यांचे अर्जही केवळ विषय न जुळल्यामुळे नाकारले जातात.

यामागचे कारण तिथल्या व्यवस्थेत आहे. जर्मनीत शिक्षण हा केंद्राचा नव्हे, तर 16 घटक राज्यांचा विषय आहे आणि मास्टर्सच्या प्रवेशाचे निकष त्या त्या विद्यापीठातला विभाग स्वतःच्या नियमावलीत लिहून ठेवतो. आपल्याकडच्या कॅप राउंडसारखी मास्टर्सची केंद्रीय फेरी नसते. त्यातच बहुतेक मास्टर्स अभ्यासक्रम पदवीच्याच विषयाला पुढे नेणारे असतात, त्यामुळे मेकॅनिकल करून थेट संगणकशास्त्राकडे वळण्याची सवलत आपण धरून चालतो तितकी मिळत नाही.

म्हणून विभागाच्या संकेतस्थळावरून दोन कागद उतरवून घ्यावेत: प्रवेशाची नियमावली आणि मॉडूलहांडबूख, म्हणजे प्रत्येक विषयात काय शिकवतात, त्याला किती श्रेयांक आहेत आणि परीक्षा कशी होते याची पुस्तिका. मास्टर्सबरोबरच त्याच विभागाच्या बॅचलर्सचेही मॉडूलहांडबूख घ्यावे. निवड समितीच्या डोळ्यांसमोर त्यांचा स्वतःचा पदवीधर असतो आणि तो काय शिकून आलेला आहे हे त्या पुस्तिकेत सापडते.

श्रेयांकांचा हिशेब इथे समजून घ्यावा लागतो. आपल्याकडे श्रेयांक मुख्यतः वर्गातल्या तासांवर ठरतो. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत तो विद्यार्थ्याच्या एकूण कष्टांवर ठरतो. व्याख्यान, गृहपाठ आणि परीक्षेची तयारी धरून 25 ते 30 तासांना एक श्रेयांक, एका सत्राचे 30 आणि वर्षाचे 60. त्यामुळे आपल्या गुणपत्रिकेवरचा 4 हा आकडा तिथल्या 4 श्रेयांकांच्या बरोबरीचा धरू नये. एका सत्रातल्या आपल्या एकूण श्रेयांकांपैकी त्या विषयाचा वाटा काढावा आणि त्या प्रमाणात 30 ची वाटणी करावी. सत्राला 22 श्रेयांक असतील, तर 4 श्रेयांकांचा विषय साधारण साडेपाच ईसीटीएसचा होतो. हा ढोबळ अंदाज आहे. अंतिम निर्णय विभागाचाच.

आता एक तक्ता करावा. डावीकडे त्यांनी मागितलेली विषयक्षेत्रे, उजवीकडे आपले विषय, त्यांचे श्रेयांक आणि अभ्यासक्रमातला पृष्ठ क्रमांक. पुण्याच्या इंजिनिअरांना 'एम-थ्री' म्हटले की जे आठवायचे ते आठवते, पण गुणपत्रिकेवर फक्त 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-3' एवढेच छापलेले असते आणि त्यावरून जर्मन प्राध्यापकाला काहीही कळत नाही. त्या ओळीसमोर अवकल समीकरणे, लाप्लास व फूरिए रूपांतरे, सदिश कलन असे तपशील आले, की तोच विषय त्यांच्या उच्च गणिताच्या रकान्यात बसतो. हे काम कंटाळवाणे आहे, चांगले दोन-तीन दिवस खाते, आणि एजंट ते सहसा करून देत नाहीत. संपूर्ण अर्जात याहून मोलाचे काम मला तरी दुसरे दिसत नाही.

गुणांचे रूपांतरही स्वतः करून पाहावे. जर्मनीत 1.0 ही सर्वोत्तम श्रेणी आणि 4.0 म्हणजे काठावर उत्तीर्ण. आकडा जितका लहान तितके चांगले. त्यासाठी 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करावेत, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागावे, आलेल्या संख्येची तिप्पट करून त्यात 1 मिळवावा. कमाल 10, उत्तीर्णतेची मर्यादा 4 आणि सीजीपीए 8 असेल, तर उत्तर 2.0 येते. हीच मर्यादा 5 धरली, तर 2.2 होते. प्रवेशाची अट 2.0 असेल, तर एवढ्या फरकानेही अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून किमान उत्तीर्ण श्रेणी स्पष्टपणे नमूद असलेले विद्यापीठाचे पत्रक अर्जाला जोडावे.

विद्यापीठांत दोन मुख्य प्रकार आढळतात. 'युनिव्हर्सिटेट'मध्ये सिद्धान्त आणि संशोधनावर भर असतो, तर 'होखशूल', म्हणजे उपयोजित विज्ञानांची विद्यापीठे, उद्योगाशी अधिक जोडलेली असतात. दुसऱ्या प्रकाराला कमी लेखण्याची आपल्याकडची सवय निराधार आहे. पीएच.डी.चा विचार असेल, तर मात्र पहिल्याकडे कल ठेवावा.

कागदपत्रांच्या बाबतीत भारतीयांना 1 नोव्हेंबर 2022 पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याचा दाखला, अनिवार्य झालेले आहे. ते हाती यायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात तिथून करावी. अनेक विद्यापीठे अर्ज युनि-असिस्टमार्फत, म्हणजे विद्यापीठांच्या वतीने परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत, घेतात. तिथे पहिल्या अर्जाला 75 युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला 30 युरो पडतात, त्यामुळे दिसेल तिथे अर्ज ठोकण्यापेक्षा तक्ता जुळेल तिथेच करावेत. शिक्षण सगळीकडे मोफत नाही: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024 पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. हा आकडा मधूनमधून वाढतो, तेव्हा अर्जाच्या वेळी तो पुन्हा तपासावा.

तिथे पोहोचल्यावर परीक्षापद्धतीची नियमावली उघडावी. आपल्याकडे केटी लागली तर विषय पुढे ओढत नेता येतो. तिथे बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला मोजके, साधारण तीन, प्रयत्न मिळतात आणि अनिवार्य विषयात शेवटचा प्रयत्नही वाया गेला, तर नावनोंदणीच रद्द होते. तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. वेळापत्रकात '10 सी.टी.' असे लिहिलेले असेल, तर व्याख्यान सव्वादहाला सुरू होते, आणि ते संपल्यावर सगळा वर्ग टाळ्या वाजवण्याऐवजी बोटांच्या पेरांनी बाकांवर टकटक करतो. पहिल्या दिवशी मी दचकून मागे पाहिले होते.

वर्गाला बसणे आणि परीक्षेला बसणे या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेसाठी ऑनलाइन नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते, तिची मुदत परीक्षेच्या कित्येक आठवडे आधीच संपू शकते आणि आठवण करून द्यायला कोणी येत नाही. पहिल्या सत्रात मी एका विषयाची सर्व व्याख्याने ऐकली, सराव प्रश्न सोडवले, आणि नोंदणीची तारीख उलटून गेल्याचे मला तीन दिवसांनी कळले. परीक्षा कार्यालयातल्या बाईंनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या सत्राची तारीख कागदावर लिहून दिली.