दवाखान्याच्या पाटीवरचं नाव नक्की कोणाचं, ते कसं शोधायचं

आपल्याकडे कोकणात गावोगाव "कै. अमुक तमुक स्मृती दवाखाना" सापडतोच, केसपेपरच्या लाईनीत उभं राहून ते नाव शंभरदा वाचून झालेलं असतं, पण माणूस कोण होता विचारलं की सिस्टरपासून सरपंचापर्यंत एकच उत्तर, "असतील कोण शेठ मुंबईचे."

शोधायला बसण्याआधी एक पक्कं करा, की पाटीवरचं नाव देणाऱ्याचंच असेल असं धरून चालायचं नाही. मुंबईचं नायर हॉस्पिटल बघा, पूर्ण नाव बाई यमुनाबाई लक्ष्मण नायर, म्हणजे दान केलं डॉ. नायरांनी आणि नाव लावलं आईचं. त्यालाच जोडलेलं टोपीवाला मेडिकल कॉलेज, तर हे टोपीवाले म्हणजे आपल्या कुडाळ तालुक्यातल्या वालावलचे देसाई, मालवणचं टोपीवाला हायस्कूलपण त्यांच्याच घराण्याच्या नावाचं. डेरवणच्या हॉस्पिटलला पाटीवर वालावलकर आणि चालवणारा ट्रस्ट विठ्ठलराव जोशींच्या नावाचा. म्हणून नाव कोणाचं, पैसे कोणाचे, जागा कोणाची हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. माझ्या मते जागा देणारा सगळ्यात आधी विसरला जातो, कारण त्याची बहुतेक वेळा पाटीच नसते.

सुरुवात कोनशिलेपासून. ती डेंग्यूच्या पोस्टरमागे किंवा ऑइलपेंटच्या तीन थरांखाली असते, अक्षरं झिजली असतील तर संध्याकाळी जा आणि मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका मारा, खाचांत सावली पडते आणि बरंच वाचता येतं. साल शके असेल तर ७८ मिळवा, महिना पौष, माघ किंवा फाल्गुन असेल तर बहुतेक वेळा ७९. म्हणजे शके १८७५ चा वैशाख म्हणजे १९५३.

दवाखाना ट्रस्टचा असेल तर काम सोपं आहे. पावतीवर ट्रस्टचा रजिस्टर नंबर असतो, तो घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जा आणि परिशिष्ट १ ची नक्कल मागा, त्यात विश्वस्तांची नावं आणि मिळकत असते. सार्वजनिक ट्रस्टचा कायदा १९५० चा, त्यामुळे संस्था त्याच्याही आधीची असेल तर रजिस्टरमधली तारीख संस्थेचं जन्मसाल समजू नका. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर नाव देण्याचा ठराव जिल्हा परिषदेत शोधायचा, तोंडी विचारून "बघतो, बघतो" होतं, त्यापेक्षा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प आणि तीस दिवसांची मुदत.

जागेसाठी सातबारा काढा पण तिथे थांबू नका, त्यावर फेरफार नंबर (जमिनीच्या मालकीत बदल झाला की होणाऱ्या नोंदीचे नंबर) असतात, त्यातला जुना फेरफार काढला की "बक्षीसपत्राने" असं लिहिलेलं सापडतं आणि कोणी दिली तेही. इथे एक गंमत आहे, सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, त्याआधी सगळं रत्नागिरी जिल्ह्यातच, त्यामुळे कणकवली-सावंतवाडीच्या दवाखान्याचा जुना कागद ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, नाही मिळाला तर रत्नागिरीला चौकशी करा. रायगडवाल्यांनी जुन्या कागदांत कुलाबा जिल्हा शोधायचा, रायगडचं जुनं नाव तेच.

आणि कागदात नसतं ते गावच्या मुंबईकरांच्या मंडळाकडे असतं. गावाच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, जुने अहवाल, वर्गणीच्या याद्या, हे लालबाग-गिरगावात कोणाच्या तरी पोटमाळ्यावर पडलेलं असतं, गणपतीला चाकरमानी गावी आले की त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना गाठा. "शेठ कसे होते" असं विचारू नका, सगळे देवमाणूसच सांगतात. त्यापेक्षा चिरे कुठल्या खाणीतून आणले, पहिला डॉक्टर कोण आणि तो राहायचा कोणाकडे, असं विचारा, मग एकाला दुसरा खोडतो आणि खरी माहिती निघते. बोलणं रेकॉर्ड करा, पण विचारून.

सगळं जुळलं की लगेच ग्रुपवर टाकू नका हां. फेरफारात ज्यांचं नाव निघालं त्यांच्या घरी आधी जा, कागद दाखवा, कारण जमिनीचा विषय निघाला की वाडीत संध्याकाळपर्यंत "जागा परत मागतायत म्हणे" अशी बातमी होते आणि ज्यांनी फुकट दिली त्यांनाच खुलासे देत बसावं लागतं.