जुन्या स्पोर्ट्स कारची दुर्मिळ सीट: शोधायची कशी, अस्सल ओळखायची कशी

कव्हरची शिवण आणि वरचा बिल्ला बघून सीट पारखायला सांगणारा सल्ला कुठे वाचला असेल, तर तो विसरून जा. कव्हर कोणताही चांगला कारागीर नवीन शिवून देतो. बिल्ले तर सुटे विकत मिळतात. जुनी सीट पारखायची ती उलटी करून.

तुमच्या गाडीचं वर्ष, ती कोणत्या देशासाठी बनली होती आणि कारखान्यातून तिच्यात कोणकोणत्या सीट्स यायच्या, हे तुम्ही आधीच लिहून काढलं आहे असं धरून चालतो.

१. शोध

गाडीचं नाव टाकून शोधू नका. त्या नावाने जाहिरात देणाऱ्याला आपल्या हाती काय लागलंय हे पक्कं ठाऊक असतं आणि तो किंमतही तशीच लावतो. सीट बनवणाऱ्याच्या नावाने शोधा: रेकारो, शील, कॉर्बो, रेस्टॉल. यांच्या सीट्स सुट्याही विकल्या जायच्या. त्यामुळे पोर्शेवाल्याला हवी असलेली सीट एखाद्या साध्या ओपेलमधून निघू शकते. बाजूचे ब्रॅकेट तेवढे वेगळे असतात. नावाचं स्पेलिंग मुद्दाम चुकवूनही शोधून बघा. आणि चाकं लावून ऑफिसची खुर्ची केलेल्या सीट्सकडे दुर्लक्ष करू नका. अशा खुर्च्यांची पाठ आणि गादी बऱ्याचदा शाबूत असते, हरवलेले असतात ते सीट पुढे-मागे सरकवायचे खालचे रूळ.

२. तारखांची चाळणी

अर्ध्या जाहिराती इथेच गळतात. रेकारो हे नाव १९६३ नंतरचं. पोर्शेने रॉयटर या बॉडी बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना घेतला, तेव्हा उरलेली कंपनी त्या नावाने सीट्स बनवू लागली. म्हणजे ‘१९६० च्या पोर्शे ३५६ मधली मूळ रेकारो’ असं कोणी म्हणत असेल तर पुढे वाचायची गरज नाही. कायपर कंपनीने रेकारो घेतली १९६९ मध्ये, म्हणून लेबलवर दोन्ही नावं जोडून असतील तर ती सीट साठच्या दशकातली नव्हे. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून प्रवासी गाड्यांच्या पुढच्या सीटला हेडरेस्ट सक्तीचं झालं. ‘अमेरिकेत विकलेल्या १९७१ च्या गाडीतली’ सीट बिनहेडरेस्टची असेल, तर काहीतरी गडबड आहे. उलट बाजूने मात्र हा पुरावा चालत नाही, कारण हेडरेस्ट त्याआधीही मिळायचं.

साधा हिशेबही करत जा. १९७३ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ च्या हलक्या आवृत्तीच्या गाड्या सुमारे २०० बनल्या. म्हणजे तिच्या पातळ बकेट सीट्स (शरीराला बाजूंनी धरून ठेवणाऱ्या खोलगट सीट्स) साधारण ४००, आणि त्यातल्या कित्येक शर्यतींतच मोडल्या. ‘आरएसची सीट’ म्हणून विकायला ठेवलेला माल बघितला की हा आकडा आठवा.

३. फोटो

खालून, रुळांचा, बिजागरीचा आणि पाठीच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

४. सीट उलटी करा

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो हे वाचायला शिकताना, म्हणून इथे घाई करू नका. चांगला टॉर्च आणि छोटा आरसा जवळ ठेवा.

सांगाड्यापासून सुरुवात करा. कारखान्यात पत्र्याचे भाग स्पॉट वेल्डने जोडायचे. त्याचे गोल, बसके ठसे ठरावीक अंतरावर ओळीने दिसतात. तिथे वेल्डिंगची सलग जाड रेघ दिसली तर एक तर दुरुस्ती झाली आहे किंवा सांगाडाच नवा आहे. मग बोल्ट बघा. त्या काळच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सीटला इंची आटे असायला हवेत. मिलिमीटरचा पाना चपखल बसला की समजा, तिथे नंतर कोणीतरी हात घातलाय. रुळांना जादा भोकं असतील तर ती सीट मधली काही वर्षं दुसऱ्याच गाडीत होती. यात फसवणूक असतेच असं नाही, पण किंमत उतरवायला हे कारण पुरेसं आहे.

आता गादीच्या मागच्या कडेचं कव्हर अलगद सैल करा. आत काय भरलंय? पन्नास-साठच्या दशकातल्या बऱ्याच जर्मन सीट्समध्ये रबर फवारलेले घोड्याचे केस किंवा काथ्या असतो. एमजीबीसारख्या ब्रिटिश गाड्यांत गादीखाली ताणलेलं रबर असतं. जुना फोम बोटाने चोळला की पिवळट भुगा होऊन गळतो. पांढराशुभ्र फोम म्हणजे सीट नव्याने भरलेली आहे. त्यात वाईट काहीच नाही, फक्त ‘कारखान्यातून आली तशीच’ हे वाक्य जाहिरातीतून काढायला लावा.

सर्वांत जास्त सांगून जातात ते कव्हर अडकवायचे दाते आणि आकडे. काळ्या रेक्झिनच्या कडेखाली, गंजलेल्या दात्यात अडकून राहिलेले लाल कापडाचे दोन-तीन धागे मी बघितले आहेत. ती सीट जन्मतः लाल होती, हे तेवढ्यावरून कळलं. कारागीर जुनं कव्हर ओढून काढतो, पण दाते साफ करत बसत नाही. म्हणून विकणाऱ्याने ‘साफसफाई’ करायच्या आधी बघा. सांगाडा घासून रंगवलेला असेल तर हा पुरावा गेलाच. चकचकीत रंगवलेला सांगाडा मला गंजलेल्यापेक्षा जास्त खुपतो.

प्लॅस्टिकच्या भागांच्या आतून काही वेळा घड्याळासारखं वर्तुळ उमटवलेलं असतं: कडेला महिने, मध्ये वर्षाचे दोन आकडे, आणि एक बाण. ही तारीख गाडीच्या आधीची, काही महिन्यांच्या अंतराने असली पाहिजे. गाडी १९७४ ची आणि भाग १९७८ चा, म्हणजे भाग नंतर बसवलेला.

फायबरग्लासच्या बकेट सीटला सगळ्यात जास्त जपा, कारण तिची नक्कल सर्वांत सोपी. अस्सल सीटवरच साचा घेतात आणि त्यातून दुसरी काढतात. फायबरग्लासमधलं रेझिन, म्हणजे त्यातला चिकट रस, सुकताना आकसतं, म्हणून नक्कल मूळ सीटपेक्षा किंचित लहान भरते आणि तिच्या कडा बोथट येतात. दोन खात्रीच्या सीट्सची मापं जवळ असतील तरच अशी सीट घ्या. नुसत्या नजरेच्या भरवशावर मी घेत नाही.

५. मापं

रुळांच्या बोल्टमधलं अंतर, खांद्याची रुंदी, लिव्हर कोणत्या बाजूला आहे. एवढं बास.

६. बसवण्यापूर्वी

बिजागरीजवळचा वेल्ड आणि रुळांचे खटके नीट तपासा. जुन्या सांगाड्याला तडा जातो तो बहुतेक तिथेच. ‘तेवढी वापरता येईल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तडा गेलेली सीट दुरुस्त होईपर्यंत गाडीत बसवायची नाही. शर्यतीसाठी घेत असाल तर आयोजकांचे नियम आधी वाचा. मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे एफआयएच्या, ८८५५-१९९९ मानकाच्या सीटची मुदतसुद्धा बनल्यापासून ५ वर्षांची आहे, आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या सीटवर तर तसलं लेबलच नसतं.