विदर्भातील उन्हाळ्यात पॅरामोटरची तपासणी आणि देखभाल

पॅरामोटर म्हणजे पाठीवर इंजिन व पंखा (प्रोपेलर) बांधून, दोऱ्यांनी जोडलेल्या कापडी छत्राच्या आधाराने उडण्याचे यंत्र. तो तपासायला घेतला की बहुतेकांचा हात आधी इंजिनाकडे जातो. वास्तविक सुरुवात छत्रापासून व्हावी. हवेत इंजिन बंद पडले, तरी उघडे छत्र पुरेशी उंची असल्यास चालकाला जवळच्या मोकळ्या वावरात उतरवू शकते. दोरी तुटली किंवा मांडीचा पट्टा लावायचा राहिला, तर अशी सवलत मिळत नाही.

कापूस वेचून झालेल्या वावरात छत्र पसरले, की पऱ्हाटीचे खुंट दोऱ्यांत अडकतात. वरचे आवरण शाबूत दिसत असूनही आतला गाभा तुटलेला असू शकतो, म्हणून प्रत्येक दोरी चिमटीतून सरकवत न्यावी आणि जिथे ती एकाएकी बारीक किंवा कडक लागेल तिथे ती बदलून घ्यावी. गाठ मारून भागवू नये, कारण त्याने लांबी बदलते आणि छत्राचा तोल बिघडतो. कापडाचा खरा शत्रू ऊन आहे; उड्डाण संपताच छत्र सावलीत नेऊन माती, कुसळे झटकावीत आणि मगच घडी घालावी. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ते ठेवू नये. डाग पडलाच तर साधे पाणी पुरे, साबण नको.

हार्नेसची, म्हणजे चालकाला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या बैठकीची, शिवण आणि तिला छत्राशी जोडणाऱ्या कॅराबिनरची (धातूच्या कडीची) खिट्टी दर वेळी पाहावी. राखीव छत्राची घडी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत जाणकाराकडून नव्याने घालून घ्यावी.

इंजिनाच्या बाबतीत पेट्रोलकडे अधिक लक्ष हवे. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि कार्बोरेटरचा पडदा व रबरी नळ्या खराब करू शकते. पडदा कडक झाला, की हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन तापते आणि पिस्टन जाम होण्याची भीती असते. पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचे प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. ५०:१ सांगितले असेल तर एका लिटरला २० मिली. मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि पावसाळ्यापूर्वी टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत. उरलेले ताजे मिश्रण फवारणीच्या टू-स्ट्रोक पंपात सहज खपते, मात्र तेलाचे प्रमाण जुळते का ते पाहावे.

काळ्या मातीची धूळ हवेच्या फिल्टरमध्ये लवकर साचते. सायलेन्सरच्या स्प्रिंगा आणि इंजिनाचे रबरी आधार कंपनाने तडकतात. त्यांचा सुटलेला तुकडा मागे फिरणाऱ्या प्रोपेलरमध्येच जाण्याची शक्यता अधिक. प्रोपेलर लाकडी असेल तर कोरड्या हवेत लाकूड आकसून बोल्ट सैल पडतात; ते टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळावेत. पात्याच्या कडेवरून बोट फिरवून टवका उडाला आहे का, हे पाहावे.

इंजिन चालू करण्यापूर्वी थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवणारा हातातला खटका) सोडताच पूर्ण परत येतो का, हे तपासावे, आणि ते चालू झाल्यावर बंद करण्याचे बटण एकदा वापरून पाहावे. गावात यंत्र पाहायला पोरे जमतातच. त्यांना प्रोपेलरच्या बाजूला किंवा मागे नव्हे, तर चालकाच्या समोर, दूर धुऱ्यावर उभे करावे आणि त्यानंतरच इंजिन चालू करण्याची दोरी ओढावी.