जुझेप्पिना लिओने : जुन्या धावपटूची कारकीर्द आकड्यांवरून कशी वाचावी

1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये घरच्या प्रेक्षकांपुढे 100 मीटरचं ब्राँझ जिंकणाऱ्या, इटलीतल्या तोरिनोच्या लिओनेची वेळ होती 11.3 सेकंद. इटलीच्याच, पुढच्या काळातल्या मान्वेला लेवोरातोने 2001 मध्ये लोझानला 11.14 नोंदवली. दोन्हींची थेट वजाबाकी केली की हिशोब चुकलाच.

आधी दशांशानंतरचे अंक मोजा. एकच अंक असेल तर ती वेळ बहुधा स्टॉपवॉचची. पिस्तुलाचा धूर दिसल्यावर बोट हलेपर्यंत क्षण निसटतो, म्हणून अशी वेळ खरीपेक्षा चांगली दिसते. इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करायला 100 आणि 200 मीटरला तीत 0.24 मिळवतात, 400 ला 0.14. म्हणजे 11.3 चे झाले 11.54. हा अंदाजच, त्यामुळे शतांशातली अधिकृत नोंद हाती असेल तर रूपांतराच्या फंदात पडू नका. दशांश किती भोंगळ असतो ते त्याच शर्यतीत दिसतं: रौप्य मिळवणारी डोरोथी हायमन आणि लिओने, दोघींच्या नावापुढे 11.3 च आहे!

मग वारा. विक्रमासाठी पाठीवरचा वारा सेकंदाला 2.0 मीटरपर्यंतच चालतो. त्या अंतिम शर्यतीत तो साधारण 2.8 होता. विल्मा रुडॉल्फ 11.0 मध्ये जिंकली, पण विश्वविक्रम धरला गेला नाही. पदकं मात्र कायम, कारण वारा सगळ्यांच्याच पाठीवर होता. तेव्हा वहीत दोन रकाने करा: क्रमांक एका रकान्यात, वेळ दुसऱ्यात. लिओनेचं ब्राँझ पहिल्यात निर्धास्त लिहा, 11.3 वर वाऱ्याची खूण करा आणि ती वैयक्तिक सर्वोत्तम म्हणून धरू नका. 200 मीटरला वारा फक्त सरळ पट्ट्यावरचा मोजतात, वळणावर काय वाहत होतं ते आकड्यात येत नाही.

ट्रॅकही बघायचा. रोमला सिंडरचा, म्हणजे कोळशाच्या राखेच्या खड्यांचा होता. ऑलिंपिकमध्ये सिंथेटिक ट्रॅक आला 1968 ला, मेक्सिकोत. याची भरपाई करणारं भरवशाचं सूत्र नाही, म्हणून वेगवेगळ्या काळातल्या वेळा शेजारी मांडण्यापेक्षा त्या त्या मैदानावरचा क्रमांक जास्त बोलका.

तो क्रमांक वर्षवार लावा. लिओने: 1954 च्या बर्न युरोपियन स्पर्धेत 4×100 रिलेचं ब्राँझ, 1956 मेलबर्नला 100 मीटरमध्ये पाचवी, 1960 ला 100 मध्ये तिसरी, 200 मध्ये सहावी. रिलेचं पदक चौघींचं असतं. ते वैयक्तिक पदकांत मिसळलं की कारकीर्द फुगते. लेवोरातोची अशीच ओळ लावली तर 2002 च्या म्युनिक युरोपियन स्पर्धेत 100 आणि 200, दोन्हींत ब्राँझ दिसतं, आणि आमच्या मते 11.14 पेक्षा तीच नोंद आधी लिहावी.