स्पर्धेच्या दोन दिवस आधी मन दुरुस्त होत नाही: नेमबाजांनो, कोच मंडळींनो, या चुका टाळा

स्पर्धा गुरुवारी असली की मंगळवारी रात्री फोन ठरलेला. "सर, पोराचं डोकंच चालंना झालंय. प्रॅक्टिसला 620 मारतोय आणि मॅचला 610 च्या खाली. कुणी ओळखीचा सायकॉलॉजिस्ट असंल तर उद्या एक तास घ्यायला लावा की." मी विचारतो, पोरगं वर्षभर काय करत होतं? रोज शंभर छर्रे. आणि मनासाठी काय केलं? पलीकडून आवाज येत नाही.

मी कोल्हापूर भागात दहा मीटर एअर रायफल शिकवतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ घेतलं, तेव्हापासून आमच्याकडची रांग वाढली. आनंद आहे. पण रांगेतल्या निम्म्या लोकांना सहा महिन्यांत निकाल हवा असतो आणि तो आला नाही की 'पोरगं मेंटली वीक आहे' हा शिक्का तयार असतो. तो शिक्का मी इतक्यांदा ऐकलाय की आता राग यायचाही थांबलाय.

ज्यांनी रेंज बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. 60 छर्रे (एका छर्ऱ्याला जास्तीत जास्त 10.9 गुण), 75 मिनिटं, अंगावर जाडजूड जॅकेट, हातात चार-पाच किलोची रायफल. छातीत धडधड वाढली की ती बॅरलच्या टोकाला दिसते. धावणाऱ्याला घाबरलेलं अंग पळवून नेता येतं, नेमबाजाला त्याच अंगात उभं राहून बोट हलवायचं असतं. म्हणून या खेळात मनाचा सराव वेगळा काढून ठेवताच येत नाही.

आयत्या वेळचा पाहुणा

भारतीय क्रिकेट संघानं 2011 चा विश्वचषक जिंकला तेव्हा पॅडी अप्टन त्यांचा मेंटल कंडिशनिंग कोच होता, हे लोकांना माहीत असतं. तो 2008 पासून संघासोबत होता, हे कुणी सांगत नाही. तीन वर्षं! आणि आपण स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुणा वक्त्याला बोलावतो, तो माईकवर पोरांना 'मी करू शकतो' असं ओरडायला लावतो, पोरं टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी लेनवर उभं राहिल्यावर त्या ओरडण्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. प्रेरणादायी वक्ता आणि क्रीडा मानसतज्ज्ञ ही दोन वेगळी माणसं आहेत. मानसतज्ज्ञ आधी तुमचा सराव बघतो, प्रश्न विचारतो, बहुतेक वेळ गप्प असतो. चाळीस मिनिटं सलग बोलणारा आला तर चहा पाजा आणि पाठवून द्या.

बेरीज

ही माझी लाडकी चूक. लाडकी, कारण ती मी स्वतः केलीय आणि एका पोराचं वर्ष घालवलंय.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, बालेवाडीला स्पर्धा. आमचा एक पोरगा भन्नाट मारत होता. 52 छर्रे झाले, सरासरी 10.4. रायफल ठेवून, परवानगी घेऊन तो पाणी प्यायला मागे आला. मी मागे बसून बेरीज करतच होतो. शहाण्यासारखा म्हणालो, "आठ राहिलेत. नुसते दहा-दहा ठेवलेस तरी तुझं काम झालं."

पोरानं मान डोलावली आणि लेनवर गेला. त्रेपन्नावा 9.6. पुढच्याला त्यानं रायफल गालाला लावली आणि लावूनच ठेवली. एरवी श्वास सोडल्यावर सहा-सात सेकंदांत त्याचा शॉट जायचा, नाहीतर तो कॅन्सल करून रायफल खाली घ्यायचा. त्या दिवशी मी मनात मोजत होतो, बारा, तेरा, चौदा... डोळा थकतो, हात हलायला लागतो, पण सोडवत नाही, कारण आता 'दहा ठेवायचाय'. 8.9. त्यानंतर प्रत्येक छर्ऱ्याला तो वळून माझ्याकडं बघायला लागला. आठ छर्ऱ्यांत 78.2 झाले आणि 1.3 गुणांनी पुढची पात्रता गेली.

परतीच्या गाडीत तो म्हणाला, "सर, तुम्ही सांगेपर्यंत मला ठाऊकच नव्हतं, किती राहिलेत ते." कऱ्हाड येईपर्यंत मी काही बोललो नाही.

झालं काय, ते आता नीट सांगता येतं. तोवर तो बोटाकडं लक्ष न देता ट्रिगर ओढत होता, वर्षानुवर्षांच्या सवयीनं. मी त्याच्या डोक्यात निकाल घातला. निकाल जपायला म्हणून त्यानं जे हात आपोआप करत होते ते जाणूनबुजून करायला घेतलं. जिना उतरताना कुठलं पाऊल कुठं पडतंय याचा विचार करून बघा, अडखळाल.

आणि हे फक्त आमच्या पोरांचं होतं असं नाही. स्वप्नीलला पदक मिळालं त्याच प्रकारात, 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा प्रकार), 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकला अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स शेवटच्या शॉटपर्यंत पुढं होता. साधारण शॉट लागला असता तरी सुवर्ण. त्यानं मारला तो शेजारच्या लेनच्या टार्गेटवर. शून्य गुण, थेट आठवा क्रमांक. आधी टार्गेटवरचा नंबर बघायचा आणि मग नजर खाली आणायची, ही त्याची सवय होती. त्या शॉटला तो स्वतःला शांत करण्यात इतका गुंतला की नंबर बघायचाच राहिला. मी हे पोरांना दर वर्षी सांगतो. शांत व्हायच्या नादात त्याची रोजची पायरी सुटली.

त्यावर माझा उपाय साधा आहे. प्रत्येक शॉटआधी सहा शब्द, मनातल्या मनात, त्याच क्रमानं: पाय, पोट, गाल, श्वास, काळं, बोट. (काळं म्हणजे टार्गेटचं काळं वर्तुळ.) पहिल्या साइटरला (मॅचआधीच्या सरावाच्या छर्ऱ्याला) हेच आणि साठाव्या छर्ऱ्याला हेच. तुमचे शब्द वेगळे ठेवा, पण तुमच्या बोलीतले ठेवा. व्हिडिओ बघून पाठ केलेलं इंग्रजी घाम फुटल्यावर आठवत नाही.

दुसरं, मंगळवारी आणि गुरुवारी आमच्या रेंजवर मॉनिटरवर पंचा टाकलेला असतो. शॉट गेला की पोरानं आधी सांगायचं, "तीन वाजता, दहा पॉइंट एक." (तीन वाजता म्हणजे घड्याळात तीनचा आकडा असतो त्या बाजूला.) मग पंचा उचलायचा. नवी पोरं यावर चिडतात, त्यांना प्रत्येक छर्ऱ्याचा आकडा लगेच हवा असतो. चिडू देत. आणि मॅचमध्ये कुणी मागे आलं तर मी पाणी देतो आणि पाय दुखतायत का एवढंच विचारतो. बेरीज करायची खोड गेलेली नाही, पण कागद खिशात राहतो.

'रिलॅक्स हो' आणि 'नऊ मारू नकोस'

या दोन वाक्यांवर रेंजमध्ये दंड ठेवलाय, दहा रुपये, पालकांनाही. घाबरलेल्याला रिलॅक्स हो म्हटलं की त्याला एवढंच कळतं, की आपण घाबरलोय हे मागच्यांनाही दिसतंय. शिवाय सगळ्यांनी थंडच असलं पाहिजे हे कुणी ठरवलं? युरी हानिन या मानसशास्त्रज्ञानं मांडलंय की चांगल्या कामगिरीसाठी लागणारी तगमग प्रत्येकाची वेगळी असते. आमची पोरं मॅचआधी डायरीत धडधडीला दहापैकी मार्क देतात. एका मुलीच्या वर्षभराच्या नोंदी बघितल्या तर तिच्या सगळ्या चांगल्या मॅच सात-आठवर होत्या. तिला मी दोन वर्षं थंड करत बसलो होतो.

नऊचं कारण वेगळं. डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा 1987 मधला प्रयोग प्रसिद्ध आहे: पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटलं की लोकांच्या मनात तेच अस्वल येत राहतं. आमच्याकडं अस्वलाच्या जागी नऊ असतो. काय करू नको ते सांगण्यापेक्षा काय कर ते सांगा. "गाल नीट टेकव" हे पोराला करता येतं.

सगळंच मनावर ढकलणं

आता उलटी चूक. मानसशास्त्राची दोन-चार भाषणं ऐकून आलेल्या कोचला प्रत्येक दुखणं मनाचंच वाटायला लागतं. मलाही वाटलं होतं.

एक मुलगी होती, गगनबावड्याकडची. पहिले चाळीस छर्रे दृष्ट लागावी असे, मग घसरण, दर मॅचला तीच गत. मी निदान करून टाकलं: शेवटाची भीती. मग श्वासाचे व्यायाम दिले. डोळे मिटून शेवटचे वीस छर्रे मनात मारायला लावले. दोन महिने रोज, न चुकता. मुलगी गुणी, सांगेल ते केलं. फरक शून्य. मग मीच तिला 'तुझं मन लागत नाही' असं ऐकवलं, आणि ती रडली.

पुढच्या मॅचला तिची आई सोबत आली. मी सहज विचारलं, सकाळी काय खाऊन निघता? आई म्हणाली, "कुठलं खातीय सर! पाचच्या एसटीनं निघायचं, आणि मॅच म्हटलं की हिला मळमळतंय. चहाचा घोट घेतीय, तेवढाच." डिटेल, म्हणजे तिची मारायची पाळी, अकराला. म्हणजे सहा तास उपाशी पोटी ती एवढं वजन पेलून उभी राहत होती, आणि मी तिला मनात छर्रे मारायला लावत होतो.

पूर्णपणे शरीराचं म्हणावं तर तेही नव्हतं, मळमळ भीतीचीच होती. पण उपाय पोटातून निघाला. आम्ही मॅच नसलेल्या दिवशी पहाटेच्या एसटीत खायचा सराव सुरू केला. आधी अर्धं केळं, मग एक केळं आणि दशमी. महिनाभरात मॅचच्या दिवशीही घास उतरायला लागला. घसरण अगदी संपली नाही, पण पन्नासाव्या छर्ऱ्यापर्यंत मागे गेली. उरलेल्या दहांसाठी मग श्वासाचे व्यायाम खरंच कामाला आले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. कुणाचाही स्कोअर पडला की आधी रायफल बघायची, स्क्रू ढिला आहे का, साइट हललीय का. मग डोळे: नंबर कधी तपासला? मग झोप आणि जेवण. मग जॅकेट, कारण वाढत्या वयात पोरं सहा महिन्यांत जॅकेटच्या बाहेर येतात. एवढं करून काही सापडलं नाही तरच मन.

बाकीच्या, थोडक्यात

डोळे मिटून नुसतं पदक गळ्यात घालून घेऊ नका. मनातही रायफल उचला, आठ पॉइंट काहीतरी मारा आणि त्याच्या पुढचा शॉट नीट मारा. स्वप्नीलच्या पदकाचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 साली एका 7.6 नं तोच चौथा गेला होता, हे विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. पॅरिसच्या फायनलमध्येही तो सुरुवातीला मागे होता, उभ्या पोझिशनमध्ये वर आला.

शांततेत सराव करू नका. आमच्याकडं शनिवारी लग्नाच्या बँडचं रेकॉर्डिंग लावतो. शेवटी प्रत्येकाला एकच छर्रा, सगळे बघत असतात, सगळ्यात कमी मारणाऱ्यानं टार्गेट लाइन झाडायची. हसत-खिदळत होतं, पण हात कापतात.

डायरीत आकडे लिहू नका, ते मशिनकडं असतातच. काय जाणवलं ते लिहा, तीन ओळी पुरे.

पप्पांनो, गॅलरीत उभं राहून मान हलवू नका. पोराला काचेत दिसतं.

कोच मंडळींनो, तुमची धडधड पोरांना आधी कळते. मी मॅचच्या वेळी हातात शेंगदाण्याची पुडी ठेवतो. त्यामुळं हात गुंततात आणि तोंड बंद राहतं.

एक गोष्ट मात्र थोडक्यात उरकण्यासारखी नाही. पोरगं आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, रायफलचं नाव काढलं की घाबरत असेल, तर हा विषय कोचच्या हातातला राहिलेला नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिमनॅस्ट सिमोन बाइल्स हिला हवेत गिरकी घेताना अंदाजच लागेनासा झाला, तेव्हा तिनं बहुतेक स्पर्धांतून माघार घेतली. तेव्हा आपल्याकडं काही जण तिला पळपुटी म्हणाले. त्याच लोकांची पोरं आता माझ्याकडं शिकतात. आमच्या रेंजवर प्रथमोपचाराच्या पेटीच्या झाकणावर दोन नंबर चिकटवलेत, एक हाडांच्या डॉक्टरांचा, एक मनोविकार तज्ज्ञांचा. मागच्या महिन्यात एका पालकांनी विचारलं, दुसरा काढून टाकता येईल का, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, पहिला ठेवलाय तेव्हा कुणी काही म्हणालं नाही.